दगडफुलाच्या कॅप्सूल, सासूबाईंची केमो आणि थोरले भावोजी

प्रश्न

ताई, नमस्कार.

माझ्या सासूबाई 62 वर्षांच्या आहेत. स्तनात गाठ निघाली, दुसरी स्टेज सांगितली. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. लाल औषधाच्या दोन सायकल झाल्या, दोन बाकी आहेत, मग दुसरं औषध सुरू होणार आहे. आम्ही पाटणकडे राहतो, उपचार पुण्याला चालू आहेत.

माझे थोरले दीर मुंबईला असतात. मागच्या महिन्यात गावी आले तेव्हा त्यांनी दगडफुलाच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्या. डबीवर 'अस्निक ॲसिडयुक्त' असं छापलंय. व्हॉट्सॲपवर शोधनिबंधांची भली मोठी यादीही पाठवली. त्यांचं म्हणणं, केमो म्हणजे विष, हे मात्र नैसर्गिक आहे. चार महिने घेतलं तर पुढच्या केमोची गरजच उरणार नाही. माझे यजमान मोठ्या भावापुढे बोलत नाहीत. सासूबाई आठवडाभर सकाळ-संध्याकाळ एकेक कॅप्सूल घेताहेत. डॉक्टर ओरडतील म्हणून त्यांना सांगितलेलं नाही.

हे संशोधन खरं आहे की थाप? आपण दगडफूल मसाल्यात घालतोच, मग कॅप्सूलने काय बिघडणार? की मसाल्यातलंही बंद करू? आणि मी धाकटी सून, भावोजींना हे सांगू कसं?

– एक सून, जि. सातारा

उत्तर

ताई, कॅप्सूल आजच बंद करा. आणि उद्या सकाळी पुण्याला डॉक्टरांकडे फोन लावा. पुढच्या तारखेची वाट पाहू नका. आठवडाभर काय घेतलं, किती घेतलं आणि डबीवर काय लिहिलंय, एवढं सांगायचं. यकृताची रक्ततपासणी, म्हणजे एलएफटी, लगेच करायची का, असं स्पष्ट विचारायचं. दरम्यान सासूबाईंच्या डोळ्यांचा पांढरा भाग खिडकीपाशी उजेडात नीट बघा. तो पिवळसर दिसला, लघवी गडद चहासारखी झाली, अंगाला खाज सुटली, उजव्या बरगडीखाली दुखलं किंवा अन्नाचा वासच नको झाला, तर फोनवर थांबू नका, सरळ दवाखान्यात न्या. मळमळ आणि थकवा केमोनेही येतो, म्हणून "केमोचंच असेल" असं मनाशी ठरवून मोकळं होऊ नका.

डॉक्टर ओरडतील याची भीती मी समजू शकते. पण त्यांना सांगितल्यावर होणाऱ्या बोलण्यापेक्षा न सांगितल्याने होणारं नुकसान फार मोठं आहे. लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, शरीराबाहेर जातं ते मुख्यतः यकृत आणि पित्तावाटे. बिलिरुबिन, म्हणजे काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य, रक्तात वाढलं की डॉक्टरांना त्याची मात्रा कमी करावी लागते किंवा सायकल पुढे ढकलावी लागते. यकृत बिघडलंय, पण कशाने ते कळत नाही, अशा स्थितीत ते केमोलाच दोष देतील आणि कामाचं औषध कमी करतील. दुसऱ्या स्टेजला उपचार चालतात ते रोग बरा करण्यासाठी. त्यातली एकही सायकल विनाकारण उणी होऊ देऊ नका.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. संशोधन थाप नाही. भावोजींनी पाठवलेल्या यादीतले बरेच निबंध खरेच असणार. मी अनेक वर्षं औषधशास्त्र शिकवलं आहे आणि या विषयाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. म्हणूनच त्या निबंधांत काय आहे आणि काय नाही, हे जरा सविस्तर सांगते. भावोजींशी बोलताना तुम्हाला याचाच उपयोग होईल.

दगडफूल म्हणजे लायकेन, मराठी पुस्तकांत शैवाक. बुरशी आणि शेवाळ यांचा हा एकत्र संसार असतो, हे स्वित्झर्लंडचे सायमन श्वेन्डेनर यांनी 1860 च्या दशकाच्या अखेरीस मांडलं, तेव्हा त्यांच्याच क्षेत्रातल्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. शेवाळ उन्हातून अन्न तयार करतं, बुरशी त्याला आसरा देते. हा संसार वर्षाला काही मिलिमीटर इतक्या कूर्मगतीने वाढतो. पळून जाता येत नाही, लवकर वाढता येत नाही, वर ऊन, कीड, जिवाणू आणि चरणारी जनावरं. या सगळ्यापासून बचाव करायला बुरशी रसायनं बनवते. आजवर अशी हजाराच्या आसपास रसायनं नोंदवली गेली आहेत आणि त्यांतली बहुतेक लायकेनखेरीज दुसरीकडे फारशी सापडत नाहीत. कॅन्सरचं औषध शोधणारे लोक लायकेनकडे वळतात ते याच कारणाने.

अस्निक ॲसिड हे त्यातलं सर्वांत अभ्यासलेलं. ते 1844 साली पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. 1975 मध्ये अमेरिकेतल्या मॉरिस कुपचान यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं की फुफ्फुसाचा कॅन्सर रुजवलेल्या उंदरांमध्ये ते गाठीला रोखतं. 1998 मध्ये आइसलंडच्या संशोधकांनी त्यांच्याकडच्या लायकेनमधली दोन द्रव्यं, प्रोटोलिचेस्टेरिनिक ॲसिड आणि लोबॅरिक ॲसिड, स्तनाच्या कॅन्सरच्या पेशींवर वापरली आणि त्या पेशींची वाढ मंदावली. त्यानंतर ॲट्रॅनोरिन, सॅलॅझिनिक ॲसिड, लेकॅनोरिक ॲसिड या लायकेनमधल्याच द्रव्यांवर बरंच काम झालं. आपल्याकडेही पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आणि लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत लायकेनचा दीर्घ आणि चांगला अभ्यास झालेला आहे.

पण "पेशींवर वापरली" म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणा. तळहाताएवढी प्लॅस्टिकची ताटली, तिच्यात 96 खळगे, प्रत्येक खळग्याच्या तळाशी पेशींचा पातळ थर. स्तनाच्या कॅन्सरसाठी बहुधा एमसीएफ-7 नावाच्या पेशी वापरतात. त्या 1970 च्या सुमारास अमेरिकेतल्या एका रुग्ण स्त्रीच्या छातीत साठलेल्या पाण्यातून घेतल्या होत्या आणि तेव्हापासून प्रयोगशाळांत वाढवल्या जाताहेत. लायकेनची आम्लं पाण्यात नीट विरघळत नाहीत, म्हणून ती आधी डीएमएसओ नावाच्या द्रावकात विरघळवतात आणि मग त्यातले थेंब चढत्या मात्रेने खळग्यांत सोडतात. दोन दिवसांनी एक पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात, मेलेल्या करत नाहीत. यंत्र प्रत्येक खळग्यातला जांभळेपणा मोजतं आणि कोणत्या मात्रेला निम्म्या पेशी थंडावल्या तो आकडा काढतं. भावोजींच्या यादीतल्या बहुतेक निबंधांचा गाभा हाच आकडा असतो. तो खरा असतो, उपयोगी असतो. हजारो द्रव्यांतून पुढे कोणतं तपासायचं ते त्यावरून ठरतं.

त्या ताटलीत यकृत नसतं. पोट नसतं, मूत्रपिंड नसतं, हृदय नसतं. गिळलेलं द्रव्य आतड्यातून रक्तात किती जाईल, तिथून गाठीपर्यंत किती पोचेल, वाटेत काय काय जाळून जाईल, यातलं काहीच ताटली सांगत नाही. माणसांवरच्या चाचण्यांतून जाऊन मान्यता मिळालेलं लायकेनचं एकही कॅन्सरचं औषध आजच्या घटकेला जगात कुठेही नाही.

अस्निक ॲसिडच्या बाबतीत तर यकृताचा प्रश्न नेमका ठाऊक झालेला आहे. पेशीत ऊर्जा बनवणारे सूक्ष्म कारखाने असतात, मायटोकाँड्रिया. धरणात पाणी अडवून त्याच्या जोरावर वीज करतात, तसा हे कारखाने पडद्याच्या एका बाजूला विद्युतभार साठवतात आणि त्या जोरावर ऊर्जा तयार करतात. अस्निक ॲसिड त्या पडद्यातून भार गळू देतं. मग अन्न जळत राहतं, उष्णता निघते, पण पेशीच्या हाती ऊर्जा येत नाही. ताटलीतली कॅन्सरची पेशी मरते त्यामागे हे एक मोठं कारण आहे. आणि यकृताची पेशीही नेमकी याच कारणाने मरते. 2004 मध्ये उंदराच्या यकृताच्या पेशींवर हे तपासलं गेलं, तेव्हा अगदी थोड्या मात्रेला एका दिवसात जवळजवळ सगळ्या पेशी मेल्या. कॅन्सरची कोणती आणि आपली कोणती, हा भेद त्या रेणूला करता येत नाही.

हे माणसांतही दिसलेलं आहे. अन्न जळतं पण ऊर्जा साठत नाही, म्हणजे वजन उतरेल, अशा हिशोबाने अमेरिकेत अस्निक ॲसिडचा क्षार असलेल्या वजन घटवायच्या गोळ्या विकल्या गेल्या. लायपोकायनेटिक्स हे त्यातलं गाजलेलं नाव. त्यात कॅफीन आणि आणखीही काही द्रव्यं होती, त्यामुळे सगळा दोष एकट्या अस्निक ॲसिडवर टाकता येत नाही. पण त्या घेणाऱ्या धडधाकट, तरुण माणसांना तीव्र कावीळ झाली, काहींचं यकृत निकामी झालं, आणि नोव्हेंबर 2001 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेला, एफडीएला, ते वापरू नका असा जाहीर इशारा द्यावा लागला. ती माणसं केमो घेत नव्हती. सासूबाई घेताहेत. माझा जीव टांगणीला लागला तो तुमच्या पत्रातल्या "अस्निक ॲसिडयुक्त" या शब्दांनी.

त्या डबीबद्दल आणखी एक शंका आहे. वाण्याकडचं दगडफूल, वरून राखाडी आणि खालून काळं, हे मुख्यतः पार्मोट्रेमा किंवा एव्हर्निॲस्ट्रम जातीचं असतं. त्याच्या राखाडी सालीत ॲट्रॅनोरिन असतं. अस्निक ॲसिड प्रामुख्याने असतं ते दाढीसारख्या लोंबणाऱ्या अस्निया नावाच्या लायकेनमध्ये आणि तशाच पिवळट हिरव्या लायकेनमध्ये. मग हा अर्क नक्की कशाचा? बाजारातलं दगडफूल बरंचसं हिमालयाच्या उतारांवरून गोळा होऊन येतं आणि एकाच पाकिटात तीन-चार जाती सरमिसळ असतात. लायकेन ओळखणारे लोक एक साधी परीक्षा करतात. तुकड्याची वरची साल सुईने खरवडून आतला कापसासारखा पांढरा थर उघडा करतात आणि त्यावर ब्लीचिंग पावडरच्या ताज्या पाण्याचा थेंब ठेवतात. लेकॅनोरिक ॲसिड असलेला तुकडा बघता बघता लालभडक होतो. त्याच पाकिटातला दुसरा, दिसायला तसाच तुकडा, पांढराच राहतो. दोन्हींच्या आतली रसायनं वेगळी. असा माल दळून भरलेल्या कॅप्सूलमध्ये रोज तेच आणि तितकंच द्रव्य जाईल, याची हमी कोण देणार? शिवाय लायकेनला मुळं नसतात. ते हवेतून आणि पावसातूनच सगळं घेतं, त्यामुळे हवेतलं शिसं आणि इतर जड धातूही त्यात साठतात. हवेचं प्रदूषण मोजायला शास्त्रज्ञ लायकेन वापरतात ते म्हणूनच. चिमूटभर मसाल्यात ही गोष्ट क्षुल्लक ठरते, आटवून केलेल्या अर्कात तसं म्हणता येत नाही.

त्यामुळे मसाल्याचं उत्तर सोपं आहे. गोड्या मसाल्यातलं, काळ्या मसाल्यातलं दगडफूल बंद करू नका. किलोभर मसाल्यात ते मूठभर पडतं, तेलात परतून, धणे-खोबऱ्याबरोबर कुटून. आमटीच्या वाटीत त्याचा फक्त वास येतो. केमोने तोंडाची चव गेलेली असताना ओळखीच्या मसाल्याच्या वासाने सासूबाई चार घास जास्त जेवत असतील, तर ते हवंच आहे. तोंड आलं असेल तेव्हा तिखट तेवढं कमी करा.

आता भावोजींचा "केमो विष, हे नैसर्गिक" हा मुद्दा. याच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांना एक गोष्ट सांगा, आपल्याच मातीतली आहे. लाल औषधानंतर सासूबाईंना जे दुसरं औषध मिळेल ते बहुधा पॅक्लिटॅक्सेल असेल. डॉक्टरांना विचारून खात्री करा. ते पॅसिफिक यू नावाच्या झाडाच्या सालीतून निघालं. ते शोधणाऱ्या दोघांपैकी एक होते मनसुख वाणी, जन्म नंदुरबारचा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात मन्रो वॉल यांच्याबरोबर संशोधन. 1971 मध्ये त्यांनी त्या रेणूची रचना प्रसिद्ध केली. औषध म्हणून त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली 1992 मध्ये, आधी बीजाशयाच्या कॅन्सरसाठी आणि दोन वर्षांनी स्तनाच्या. मधली वीस वर्षं मात्रा ठरवण्यात गेली, त्रास कमी करण्यात गेली, माणसांवर पायरीपायरीने तपासण्यात गेली.

याच जोडीने 1966 मध्ये चीनमधल्या एका झाडातून कॅम्प्टोथेसिन नावाचं द्रव्य शोधलं होतं. ताटलीत ते जबरदस्त होतं. माणसांना दिलं तेव्हा मूत्राशयातून रक्त जाण्यापर्यंत मजल गेली आणि 1970 च्या दशकात त्या चाचण्या थांबवाव्या लागल्या. मग रसायनतज्ज्ञांनी रेणू बदलला आणि त्यातून आयरिनोटेकन आणि टोपोटेकन ही कॅन्सरची दोन औषधं 1996 मध्ये अमेरिकेत मान्य झाली. तेच कॅम्प्टोथेसिन तुमच्याच सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात सापडतं. नरक्याची चोरटी तोड का होते ते पाटणकडच्या माणसाला मी सांगायला नको. पण म्हणून कोणी नरक्याची साल उगाळून पेशंटला पाजत नाही. दारातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन हे कॅन्सरचं औषध निघतं, ते शिरेतून देतात आणि एका वेळेला सहसा दोन मिलिग्रॅमच्या वर जात नाहीत, कारण त्यापुढे मज्जातंतू निकामी होतात. सासूबाईंच्या सलाईनमध्ये जे आहे तेही निसर्गातूनच आलेलं आहे. लाल औषधसुद्धा मातीतल्या एका जिवाणूपासून मिळालं. फरक इतकाच की त्याची मात्रा, त्याचे त्रास आणि त्यांच्यावरचे उतारे माहीत आहेत. लायकेनच्या द्रव्यांमागेही कोणी अशीच वीस-तीस वर्षं घातली तर एखादं औषध निघेलही, आणि निघावं असं मला वाटतं. आज ते डबीत नाही.

"पुढच्या केमोची गरज उरणार नाही" या वाक्याला मात्र घरात कोणीही मान डोलावू देऊ नका. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2018 मध्ये, बरा होण्यासारखा कॅन्सर असताना नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्यांची तुलना नेहमीचे उपचार घेणाऱ्यांशी केली. स्तनाच्या कॅन्सरमध्ये उपचार सोडणाऱ्यांना मृत्यूचा धोका पाचपटींहून जास्त होता. हा आकडा भावोजींना जरूर सांगा.

तर, सांगायचं कसं? तुमच्या पत्रातून मला वाटलं की भावोजी वाईट माणूस नाहीत. आई आजारी आहे, आपण लांब आहोत, रोजचं तुम्ही करताय, आणि आपल्या हातून काहीच होत नाही, ही टोचणी त्यांना असणार. म्हणून "तुमच्या गोळ्या थाप आहेत" असं म्हणू नका. ते खरंही नाही. म्हणा, "भावोजी, तुम्ही वाचलेलं संशोधन खरं आहे. पण त्यातलं अस्निक ॲसिड यकृताला बाधतं आणि आईंचं लाल औषध यकृतातूनच जातं. डॉक्टरांनी ही डबी बघावी असं मला वाटतं. पुढच्या सायकलला तुम्हीच त्यांना घेऊन चला." मोठ्या मुलाला आईबरोबर डॉक्टरांसमोर बसवा. त्यांना प्रश्न विचारू द्या, अगदी हटूनही विचारू द्या. कॅप्सूलबाबत शब्द भावोजींचा राहिला की डॉक्टरांचा, हा पेच मग तुमच्यावर राहत नाही. आणि हे पहिलं बोलणं तुमच्या यजमानांनी करावं. तुम्ही त्यांच्याजवळ बसा, पण फोन त्यांना लावू दे. आईच्या उपचारांचा भार धाकट्या सुनेच्या जिभेवर टाकणं योग्य नाही.

आणखी एक. पूर्ण पत्रात सासूबाईंचं स्वतःचं म्हणणं कुठेच आलेलं नाही. त्यांनी कॅप्सूल का घेतल्या? मुलाचं मन मोडू नये म्हणून? केमोचा त्रास सहन होत नाही म्हणून? की पैसे फार लागताहेत, आपण ओझं झालोय, असं वाटतंय म्हणून? एकट्या असतील तेव्हा त्यांच्यापाशी बसून विचारा. उलट्या, तोंड येणं, झोप न लागणं, केस गेल्याचं दुःख, यातलं काही मुळाशी असेल तर त्यावर इलाज आहेत. उलट्यांची चांगली औषधं आता मिळतात, पण त्रास होतोय हे डॉक्टरांना कळायला हवं. उपचारांबद्दलच शंका असेल तर टाटा मेमोरियलमधून दुसरं मत ऑनलाइनही घेता येतं. ते जरूर घ्या, त्यात आपल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

डबी फेकू नका. तिच्या चारी बाजूंचे फोटो काढा, बॅच नंबर, बनवणाऱ्याचं नाव, परवान्याचा नंबर टिपून ठेवा. औषधाने कॅन्सर बरा होतो अशी जाहिरात करायला 1954 च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे. डबीवर किंवा सोबतच्या पत्रकावर तसा दावा असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. पण ते सवडीने, सासूबाईंची तब्येत मार्गी लागल्यावर.

एलएफटीचा रिपोर्ट आला की एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) आणि बिलिरुबिन हे दोन आकडे मला कळवा, आणि केमोच्या आधीचा जुना रिपोर्ट फाइलमध्ये असेल तर त्यातलेही. दोन्ही शेजारी ठेवून बघू.